लघुग्रहाचा टक्का आधी वाढत गेला नि मग एकदम शून्य कसा झाला? अप्पांना समजवायचंय

दांडियाबाजारची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न खरं तर माझा नाही, सासऱ्यांचा आहे, पण उत्तर मला द्यावं लागतंय म्हणून इथे विचारते. आमचे अप्पा ७९ वर्षांचे, पेपरातली कात्रणं डायरीत चिकटवायची जुनी सवय. २०२५ च्या फेब्रुवारीत ती बातमी होती ना, २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळू शकतो म्हणून, तर अप्पांनी त्या आदळण्याच्या शक्यतेचा टक्का लाल पेनाने डायरीत उतरवून ठेवलाय. आधी १.२, मग २.३, १८ तारखेला ३.१, लगेच १९ ला १.५, २० ला ०.२८ आणि २४ ला ०.००४. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय "हे काय गौडबंगाल?" आणि दोनदा अधोरेखित केलंय.

आता पावसामुळे घरात बसून आहेत तर परत ती डायरी निघाली. म्हणतात, ह्या शास्त्रज्ञांना काही कळत नाही, किंवा कळतं आणि आपल्याला सांगत नाहीत. आधी घाबरवायचं नि मग हात वर करायचे. मला स्वतःलाही हे कळलेलं नाही की धोका नव्हताच तर आकडा आधी वाढला कशाला, पहिल्यापासून कमीच होत जायला हवा होता ना.

अजून दोन गोष्टी आहेत. माझ्या भाच्याच्या शाळेत लघुग्रह शोधायचा उपक्रम होता, त्याला सर्टिफिकेट मिळालं, घरात पेढे वाटले, "आमच्या पोराने लघुग्रह शोधला" असं सगळीकडे सांगून झालं. हे खरंच असतं का? आणि तिसरं म्हणजे आमच्या अगाशीवरून दुर्बिणीने असं काही मोजता येतं का? (हो, बडोद्यात आम्ही गच्चीला अगाशीच म्हणतो, पुणेकरांनी हसू नये.)

रात्रपाळी

ताई, अप्पांची डायरी जपून ठेवा. त्यांनी उतरवलेले आकडे बरोबर आहेत, आणि त्यात गौडबंगाल नाही हे त्याच आकड्यांवरून दाखवता येईल. मीही मूळचा बडोद्याचा, लहानपण रावपुऱ्यात गेलं, त्यामुळे उत्तरायणाचंच उदाहरण देतो, अप्पांना लगेच पटेल.

१४ जानेवारी, दुपारची वेळ. लांब कुठेतरी पेच लागला, पतंग कापला गेला, पोरं ओरडतायत "काप्यो छे!" आणि तो पतंग लहरत तुमच्या बाजूला येतोय. सुरुवातीला वारा कसा आहे ते नीट कळत नाही म्हणून तुम्ही म्हणता ह्या शंभर अगाश्यांपैकी कुठेतरी पडेल. त्यात तुमची एक, म्हणजे चान्स शंभरात एक. पतंग जरा जवळ आला, आता दिसतंय की पलीकडची गल्ली बाद, ह्या ५० अगाश्यांवर येणार, तुमची अजून त्यात आहे, चान्स ५० त एक. अजून जवळ आला, ३० अगाश्या उरल्या, तुमची अजूनही त्यात. चान्स वाढला ना? पतंगाने दिशा बदललेली नाही, तुमच्या अगाशीकडे वळलेला नाही, फक्त तुमचा अंदाज बारीक होत गेला. आणि मग एका क्षणी दिसतं की अरे हा तर शेजारच्या पाण्याच्या टाकीच्याही पलीकडून चाललाय. त्या क्षणी तुमचा चान्स ३० त एक वरून सरळ शून्य. मध्ये हळूहळू उतरणं वगैरे नाही.

३.१ टक्के म्हणजे साधारण ३२ त एक. वायआर४ चं हेच झालं. २०३२ मध्ये तो कुठे असेल त्याची शक्यता म्हणजे आकाशात एक लांबलचक पट्टी होती, लाखो किलोमीटर लांब, आणि पृथ्वी त्या पट्टीत एका ठिकाणी ठिपक्यासारखी. रोज नवीन मोजमाप आलं की पट्टी आखूड व्हायची, ठिपका तेवढाच, म्हणून टक्का वर. मग पट्टीचं टोक पृथ्वीच्या बाजूने सरकून निघून गेलं, संपलं. जे लघुग्रह जवळून जाणारे असतात त्यांच्या बाबतीत हे असंच होणार, त्यामुळे पुढच्या वेळी आकडा वाढला तर अप्पांना सांगा घाबरू नका, आधी वाढणारच.

आता १८ ते २० फेब्रुवारीत एवढी घसरण का, तर त्याचं कारण चंद्र. १२ तारखेच्या आसपास पौर्णिमा होती, तो लघुग्रह तोवर लांब जाऊन अगदी अंधुक झालेला, चांदण्यात दिसेना. चंद्र उतरल्यावर परत मोजमापं सुरू झाली आणि दोनतीन रात्रीत निकाल लागला. अजून एक अडचण अशी होती की तो आपल्यापासून जवळजवळ सरळ रेषेत लांब जात होता, आणि सरळ समोरून जाणारी वस्तू ताऱ्यांमध्ये आडवी फारशी सरकत नाही, त्यामुळे कक्षा लवकर पक्की होत नाही.

मोजतं कोण ह्यावर थोडक्यात. हा सापडला २७ डिसेंबर २०२४ ला ॲटलास नावाच्या लघुग्रह शोधणाऱ्या मोहिमेच्या चिलीमधल्या दुर्बिणीला, म्हणजे आपल्या सगळ्यात जवळून (साधारण ८.३ लाख किलोमीटर) गेल्यानंतर दोन दिवसांनी! ॲटलासच्या तेव्हा चार दुर्बिणी होत्या, दोन हवाईत, एक चिलीत, एक दक्षिण आफ्रिकेत. शिवाय ॲरिझोनाची कॅटलिना आणि हवाईची पॅनस्टार्स. ह्या सगळ्यांचा आणि जगभरच्या हौशी लोकांचा डेटा अमेरिकेत केंब्रिजच्या मायनर प्लॅनेट सेंटरला जातो, तिथून कुणालाही बघता येतो. त्यावरून टक्केवारी काढतात ती नासाच्या जेपीएल ह्या प्रयोगशाळेतली सेंट्री नावाची सिस्टिम, आणि तिच्यापासून वेगळी युरोपवाल्यांची एक. दोन्हीकडचे आकडे ताडून बघतात.

जुना_बडोदेकर

पतंगाचं उदाहरण झकास आहे, मान्य. पण भाऊ एक सांगतो, मे २०२२ मध्ये आपल्या इथून तासाभरावर, आणंद जिल्ह्यात भालेज, खंभोळज, रामपुरा ह्या गावांत आकाशातून धातूचे गोळे पडले होते, आठवतंय का? त्याची कुणी टक्केवारी दिली होती? आदल्या दिवशी कुणी पेपरात छापलं होतं? माझा साडू त्या बाजूला राहतो, तो म्हणाला शेतात एवढा मोठा गोळा, लोक बघायला ट्रॅक्टर घेऊन आले. म्हणजे २०३२ चं सांगतात आणि उद्याचं सांगत नाहीत. अप्पांचा संशय अगदीच काही चुकीचा नाही. लपवतात हो हे लोक.

रात्रपाळी

काका, ते गोळे म्हणजे लघुग्रह नव्हते, रॉकेटचा भंगार होता, रॉकेटमधल्या गॅसच्या टाक्या असतात तशा. तो हिशोब वेगळा, ती माणसाने वर पाठवलेली वस्तू पृथ्वीभोवती फिरत फिरत हवेच्या घर्षणाने खाली येते, आणि वरच्या पातळ हवेचा भरवसा नसल्यामुळे ती नेमकी कुठे पडेल हे शेवटच्या काही तासांतही सांगता येत नाही. लघुग्रह त्या मानाने सरळ माणूस आहे, मोकळ्या अवकाशात सूर्याभोवती फिरतो, २०३२ चं सांगता येतं ते म्हणूनच.

आणि लपवण्याबद्दल म्हणाल तर लपवणार कसं सांगा. वस्तू आकाशात, दुर्बिणी दहा देशांत, डेटा उघडा. इटलीतला एखादा निवृत्त मास्तर घरच्या कॉम्प्युटरवर कक्षा काढतो. एक टक्क्याच्या वर धोका आणि दहा मीटरपेक्षा मोठा दगड असेल तर जगाला कळवायचंच असा आंतरराष्ट्रीय नियम केलाय, वायआर४ ची बातमी जानेवारीच्या शेवटी फुटली ती त्या नियमामुळेच. लपवायचं असतं तर ३.१ कशाला छापलं असतं? नंतर जून २०२५ मध्ये अवकाशातल्या वेब दुर्बिणीची मापं धरून तो दगड चंद्रावर आपटायची शक्यता ४.३ टक्के काढली होती, तोही आकडा छापला की सगळ्यांनी.

खडकवाला

मध्ये बोलतो. मी भूशास्त्रवाला, आकाशातलं मला कमी कळतं, खाली पडल्यावरचं जास्त.

उद्याचं सांगत नाहीत असं नाही. ६ ऑक्टोबर २००८ ला कॅटलिनाच्या दुर्बिणीला एक चारेक मीटरचा दगड दिसला, २००८ टीसी३. सापडल्यापासून साधारण वीस तासांत तो सुदानच्या वाळवंटावर फुटला, आणि वेळ नि जागा आधीच सांगितलेली बरोबर निघाली. नंतर खार्तूम विद्यापीठाची पोरं वाळवंटात ओळीने चालत गेली आणि काळे तुकडे वेचून आणले, सहाशेच्या आसपास. अवकाशात असतानाच दुर्बिणीतून पाहिलेला दगड नंतर हातात घ्यायला मिळाला असं त्याआधी कधीच झालेलं नव्हतं. माझ्यासारख्याला हे वाचून आजही काटा येतो. त्यानंतर असे बरेच झाले, जानेवारी २०२४ मध्ये बर्लिनजवळ, सप्टेंबर २०२४ मध्ये फिलिपिन्सला.

पण काकांचं एका बाबतीत बरोबर आहे. सूर्याच्या बाजूने येणारा दगड कुणालाच दिसत नाही. १५ फेब्रुवारी २०१३, रशियातलं चेल्याबिन्स्क, वीसेक मीटरचा दगड, कुणालाही पत्ता नव्हता. गंमत म्हणजे त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह २७,७०० किलोमीटरवरून जाणार हे वर्षभर आधी माहीत होतं, सगळे त्याच्याकडे बघत बसले नि हा मागच्या दाराने आला. जवळपास दीड हजार लोक जखमी झाले, ते बहुतेक काचांमुळे. झगझगीत उजेड पडला म्हणून लोक खिडकीशी गेले, धक्क्याची लाट यायला मिनिटाच्या वर वेळ लागला, तोवर सगळे काचेला नाक लावून उभे. तेव्हा कधी दिवसा दुसरा सूर्य दिसला तर खिडकीपासून लांब व्हा, व्हिडिओ नंतर.

२०२० च्या ऑगस्टमध्येही एक असाच, मोटारीएवढा, हिंदी महासागरावरून ३,००० किलोमीटरपेक्षाही कमी उंचीवरून गेला आणि गेल्यावर सहा तासांनी कळलं. तो शोधण्यात आपल्या आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा हात होता, कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणीचे फोटो इथे बसून तपासत होते.

दांडियाबाजारची_सून

खूप खूप आभार सगळ्यांचे. पतंगाचं अप्पांना वाचून दाखवलं. पहिली प्रतिक्रिया "हं". मग दहा मिनिटांनी चहा पिता पिता म्हणाले, "पण कधी कधी पतंग आपल्याच अगाशीवर पडतो की, मागच्या उत्तरायणला दोन पडले." आता ह्याला काय सांगू? आणि अपोफिस नावाच्या दुसऱ्या एका लघुग्रहाचं पण एक कात्रण निघालंय, २००४ चं, त्यात पण टक्के आहेत!

जुना_बडोदेकर

अप्पा माझ्याच पार्टीतले दिसतात. माझा नमस्कार सांगा.

रात्रपाळी

अप्पांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. कधीतरी टक्का वाढत वाढत शंभरावर जाणार, टीसी३ चं तेच झालं. फरक एवढाच की तो चार मीटरचा होता. पतंग आपल्या अगाशीवर येतोय हे बरीच वर्षं आधी कळलं तर लांब काठी लावून ढकलता येतो का, ह्याचा एक प्रयोग झालाय. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाने डार्ट नावाचं यान डायमॉर्फस ह्या १६० मीटरच्या दगडावर मुद्दाम आदळवलं. तो दगड दुसऱ्या मोठ्या दगडाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा, तो ११ तास २३ मिनिटांवर आला. काठी पोचते, एवढं कळलं. पण वेळ हाताशी पाहिजे, म्हणून तर आधी शोधून ठेवायची ही सगळी धडपड. आतापर्यंत पृथ्वीच्या जवळपास फिरकणारे ३८ हजारांच्या वर लघुग्रह सापडलेत. त्यात मोठे, किलोमीटरभराचे, बहुतेक सगळे माहीत आहेत, खरी उधारी १४० मीटरच्या आसपासच्यांची आहे.

अपोफिसचं कात्रण मात्र सोन्यासारखं आहे. डिसेंबर २००४ मध्ये त्याचा टक्का २.७ पर्यंत गेला होता, १३ एप्रिल २०२९ साठी. तो वायआर४ पेक्षा कितीतरी मोठा, साडेतीनशे मीटरच्या घरातला, म्हणून टोरिनो नावाची जी धोक्याची पट्टी असते तिच्यावर ४ नंबर मिळाला, तेवढा आजवर दुसऱ्या कुणालाच मिळालेला नाही (वायआर४ ला ३ मिळाला होता). मग २७ डिसेंबरला कुणीतरी जुन्या फोटोंत शोधलं तर मार्चमधल्या फोटोंत तो आधीच आलेला होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच. नऊ महिने जुनी जागा मिळाल्यावर कक्षा पक्की झाली नि धोका गेला. आदल्याच दिवशी त्सुनामी आलेली, त्यामुळे ही बातमी कुणी वाचलीसुद्धा नाही. २०२१ मध्ये रडारने मोजून पुढची शंभर वर्षं काळजी नाही असंही सांगून टाकलंय. २०२९ मध्ये तो ३८ हजार किलोमीटरवरून जाईल.

खडकवाला

३८ हजार पृथ्वीच्या केंद्रापासून. जमिनीपासून धरलं तर ३२ हजार. टीव्हीचे उपग्रह जमिनीपासून ३६ हजारांवर असतात, म्हणजे त्यांच्याही आतून.

रात्रपाळी

हो बरोबर, केंद्रापासून. घाईत लिहिलं.

आता भाच्याचं. पेढे वाटले ते वाया गेले नाहीत, पण "शोधला" हा शब्द जरा लवकर झाला. त्या उपक्रमात मुलांना पॅनस्टार्सचे एकाच जागेचे चार फोटो देतात, थोड्या थोड्या वेळाने काढलेले. ॲस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एकामागून एक झपझप दाखवायचे, तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका टुकटुक पुढे सरकतो. तो पकडायचा. मुलांचं मोजमाप पुढे जातं, पण ती पहिली पायरी. नंतर त्या ठिपक्याला दुसऱ्या रात्रींची मापं मिळावी लागतात, तो जुनाच कुणीतरी नाही ना हे बघावं लागतं, कक्षा पक्की होऊन नंबर मिळायला वर्षं जातात. सर्टिफिकेटवर "प्रिलिमिनरी" असा शब्द आहे का बघा. असला तरी पोराला निराश करू नका, मी स्वतः पहिल्यांदा बसलो होतो तेव्हा चार फोटोंत तीन ठिकाणी एक सुंदर सरकणारा ठिपका सापडला, दोन तास छाती धडधडत होती, शेवटी तीनपैकी दोन ठिपके कॅमेऱ्याच्या बिघडलेल्या पिक्सेलचे निघाले आणि तिसरा अंधुक तारा. बायकोला झोपेतून उठवून सांगितलं होतं. अजून ऐकवते.

अगाशीवरून मोजता येतं का, तर येतं, पण दुर्बीण महाग आहे म्हणून नव्हे, घड्याळामुळे लोक फसतात. आठ ते दहा इंची दुर्बीण, ताऱ्यांबरोबर फिरणारं स्टँड, थंड करता येणारा कॅमेरा, एवढं असलं की मध्यम उजेडाचे लघुग्रह फोटोत येतात. मग गाया उपग्रहाच्या यादीतल्या ताऱ्यांवरून त्याची जागा काढायची. पण जवळून जाणारा लघुग्रह मिनिटाला दहा आर्कसेकंद (एका अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) सरकत असेल आणि तुमच्या लॅपटॉपचं घड्याळ सहा सेकंद मागे असेल तर जागा एक आर्कसेकंदाने चुकली, म्हणजे मोजमाप कचऱ्यात. म्हणून जीपीएसवरून किंवा इंटरनेटच्या टाइम सर्व्हरवरून घड्याळ लावून घ्यायचं. आधी नंबर मिळालेले साधे लघुग्रह किमान दोन रात्री मोजून मायनर प्लॅनेट सेंटरला पाठवायचे, बरोबर आले तर तुमच्या अगाशीला तीन अक्षरांचा कोड मिळतो. मग तुम्हीसुद्धा वेधशाळा. बडोद्यात अडचण म्हणजे उजेड, मांडवी-रावपुऱ्यातून अवघड आहे, शहराबाहेर कुणाचं शेत असेल तर बघा.

शेपटीवाला

सगळे लघुग्रहांवरच बोलतायत, धूमकेतूंची बाजू कुणीतरी घ्यायला हवी म्हणून लॉगिन केलं. पृथ्वीच्या वाटेजवळ येणारे माहीत असलेले धूमकेतू शंभर-सव्वाशेच असतील, पण त्यांचा भरवसा नाही. लघुग्रह म्हणजे दगड, बिचारा गुरुत्वाकर्षणाने ओढेल तिकडे जातो. धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याच्यातून वाफेचे फवारे सुटतात, दिवाळीच्या भुईचक्रासारखे, आणि तो स्वतःच स्वतःला थोडा ढकलतो. शिवाय फोटोत त्याचं डोकं धुरकट, नेमका मध्य कुठे धरायचा ह्यावरच भांडणं. लांबून येणारे तर काही महिन्यांची सूचना देऊन येतात, पहिल्यांदाच येत असल्यामुळे आधीची नोंदच नसते. १७७० मध्ये लेक्सेलचा धूमकेतू जेमतेम २२ लाख किलोमीटरवरून गेला, नंतर गुरूने त्याला असा काही भिरकावला की पुन्हा कुणाला दिसला नाही.

आणि त्या चिलीच्या दुर्बिणीचं नशीब बघा, वायआर४ सापडला तिलाच १ जुलै २०२५ ला ३आय/ॲटलास हा धूमकेतू सापडला, दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याकडून आलेला पाहुणा, असा आजवरचा तिसराच. व्हॉट्सॲपवर "येतोय येतोय" चाललं होतं त्याकडे लक्ष देऊ नका, तो पृथ्वीच्या साधारण २७ कोटी किलोमीटरपेक्षा जवळ आलाच नाही. आपले खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू, त्यांचं नाव एका धूमकेतूला आहे, १९४९ चा, हार्वर्डला शिकत असताना सापडलेला, हेही कात्रणात चिकटवा म्हणावं.

दांडियाबाजारची_सून

बाप्पूंचं लिहून घेतलंय, लाल पेनाने. भाच्याच्या सर्टिफिकेटवर "प्रिलिमिनरी" आहे, बारीक अक्षरात, बहिणीला अजून सांगितलेलं नाही. गौडबंगालच्या पुढे अप्पांनी कंसात "पतंग" लिहिलंय.

आता नवीन प्रश्न आलाय. २०२९ चा अपोफिस नुसत्या डोळ्यांनी दिसणार का, नि बडोद्यातून कुठल्या बाजूला?

रात्रपाळी

नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका तेजस्वी होणार हे नक्की, एखाद्या मध्यम ताऱ्याएवढा, पण सरकणारा. सगळ्यात जवळ असेल तेव्हा आपल्याकडे १४ एप्रिलची पहाट, सव्वातीन. पण त्या वेळी तो बडोद्याच्या क्षितिजाच्या वर असेलच असं धरून चालू नका, जवळ असणं वेगळं नि आपल्याला दिसणं वेगळं. जेपीएलचं हॉरायझन्स म्हणून पान आहे, फुकट, त्यात बडोद्याचे आकडे टाका, २२.३ उत्तर, ७३.२ पूर्व, आणि १३ एप्रिलच्या संध्याकाळपासून दर दहा मिनिटांची उंची नि दिशा मागा. तक्ता छापून येईल, डायरीत चिकटवण्यासारखा.

दांडियाबाजारची_सून

आज रात्री बसते भाच्याला घेऊन. अप्पा आत्ताच अगाशीवर जाऊन आले, छत्री घेऊन. म्हणतात तक्ता काढ, पण शेजाऱ्यांनी नवीन टाकी बसवलीये त्या बाजूला निघाला तर त्यांच्याशी आत्तापासून बोलून ठेवायला लागेल.